जेठ बदी दशमी

एकट्या झाडाचा फोटो काढायचा तर माणसानं एकटं जावं, एवढीच अनुयाची अपेक्षा होती. पण झाशीच्या सिविल लाइंसमधल्या लघाट्यांच्या घरात साध्या अपेक्षाच पुऱ्या व्हायला सगळ्यात अवघड. महिन्यातल्या एका रविवारी ती पहाटे उठायची, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवायची, दाराची कडी आवाज न करता काढायची, आणि नेमका मागून खोकला यायचा. बाबा तयार! अंगात इस्त्रीचा सदरा, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्यात चहाचा थर्मास, काखेत छत्री. एरच गावाच्या वाटेवरच्या त्या ओसाड माळावर जणू कुणी त्यांचा सत्कार ठेवला होता.

“बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? इतका वेळ गाडीत बसायचं आणि तसंच परत यायचं.”

“बसायचंच तर आहे. चालवणार तू. आणि त्या माळावर तू एकटी? दिवस काय आहेत, अनू!”

दिवस कसेही असले तरी मधुसूदन लघाट्यांचं उत्तर हेच असायचं. रेल्वेच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ म्हणजे गरीब गाय. आवाज कधी चढला नाही, मुलीवर हात कधी उगारला नाही. बायको गेल्यापासून तर ते इतके मवाळ झाले होते की त्यांच्याशी भांडायचं म्हटलं तरी भांडणाला दुसरी बाजूच मिळेना. अशा माणसाच्या तावडीतून सुटणं फार कठीण. दांडगट माणसाच्या तोंडावर दार आपटून बाहेर तरी पडता येतं. मवाळ माणूस दारात छत्री घेऊन उभा असतो आणि ती छत्री आपल्यासाठीच आणलेली असते.

अनुया सदतिशीची. एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न जमलं नाही, म्हणजे कुणी मोडलं असंही नाही. पुण्याकडच्या स्थळांना झाशी फार लांब वाटे, झाशीतल्या स्थळांना मराठी मुलगी फार परकी वाटे, आणि या दोहोंच्या मध्ये तिची वर्षं निघून गेली. भाऊ अमोघ हैदराबादला, तो दिवाळीला फोनच्या पडद्यावर दिसायचा. आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि घरात दोनच माणसं उरली. शाळेतून यायला जरा उशीर झाला की फाटकाशी पांढरा सदरा उभा. शेजारचे सक्सेना कौतुकानं म्हणायचे, “बाबूजी आपको कितना चाहते हैं!” अनुया हसून मान हलवायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

ते झाड तिला दिसलं मागच्या जूनमध्ये, एरचहून एक लग्न आटोपून परत येताना. महुआचं, आपल्या मोहाचं झाड. सगळीकडे नांगरून ठेवलेली जमीन, लांबवर मोठाले काळे खडक, त्यांच्या पलीकडे बेतवा नदीची बारीक रेघ, आणि मधोमध हे एकच. शेजारी दुसरं झाड नाही, झुडूप नाही, विजेचा खांब नाही.

“किती एकटं आहे बिचारं,” बाबा गाडीतून म्हणाले होते.

अनुयाच्या मनात नेमकं उलटं आलं होतं. किती ऐसपैस उभं आहे! हवी तिकडे फांदी टाकायची, कुणाला विचारायचं नाही. तिला त्या झाडाचा हेवा वाटला. एवढ्या वयाच्या बाईला झाडाचा हेवा वाटावा याचं तिचं तिलाच हसू आलं, पण वाटला तो खराच. तिनं गाडी थांबवली आणि पहिला फोटो काढला.

शेत हरदयाल कुशवाहाचं होतं. साठीचा, बोलका माणूस. ही बाई दर महिन्याला येऊन एकाच झाडाचा एकच फोटो काढणार म्हटल्यावर त्याला आधी हसू आलं, पण मग त्यानंच आपल्या बांधावर तीन चपटे दगड पुरून दिले. कॅमेऱ्याच्या तिपाईचे तीन पाय दर वेळी त्याच तीन दगडांवर टेकायचे. तीच जागा, तीच उंची, तीच लेन्स. बदलायचं ते फक्त झाडानं. आणि झाड बदलतही होतं. पावसात गच्च हिरवं, पौषात धुक्यातून अर्धंच दिसणारं, फाल्गुनात उघडंबोडकं, मग फुलं गळून खाली पिवळसर सडा पडलेला, आणि चैत्र सरताना तांबूस पालवी.

हे सगळं फार सुंदर झालं असतं, बाबा नसते तर. खुर्ची मांडून ते पाच मिनिटं बसायचे. मग पाय मोकळे करायला म्हणून निघायचे ते थेट झाडाखाली. इकडे उजेड अगदी हवा तसा पडलेला, अनुया श्वास रोखून कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेली, आणि चौकटीच्या ऐन मध्यावर बाबा, छत्रीवर रेलून, फोटोला उभे राहिल्यासारखे.

“बाबा! बाहेर या ना फ्रेमच्या!”

“अगं, नुसतं झाड काय काढतेस? झाडाखाली माणूस असला म्हणजे झाडाला शोभा येते. केवढं मोठं आहे तेही कळतं.”

“मला नुसतंच हवंय.”

“बरं बाई, आलो.” आणि ते इतक्या सावकाश, इतक्या आज्ञाधारकपणे बाजूला व्हायचे की तोवर ऊन चढलेलं असायचं. एका फोटोत त्यांच्या छत्रीची सावली आली. एकात थर्मासचं टोपण. अनुयानं तेवढ्यासाठी पुढच्या दोन रविवारी परत चकरा मारल्या, अर्थात बाबांसकट.

हा नुसता छंद असता तर ती चडफडून गप्प बसली असती. पण गोष्ट छंदाची राहिली नव्हती. पाँडिचेरीजवळ फोटोग्राफी शिकवणारी एक संस्था होती. निवडलेल्या माणसांना दोन वर्षं तिथंच राहून काम करायला मिळायचं. अट एकच, एका विषयाचं सलग वर्षभराचं काम, दर महिन्याला एक फोटो, एकही महिना चुकता कामा नये. अनुयानं हिवाळ्यात पहिले काही फोटो पाठवून दिले, आणि संस्थेच्या बकुळताईंचा स्वतःहून फोन आला. बाई नागपूरच्या, तोंडाच्या फटकळ. “इतकं शांत काम मी कित्येक वर्षांत बघितलं नाही,” म्हणाल्या. “मेचा फोटो तेवढा महिनाअखेरपर्यंत पाठव. तो आला की जागा तुझी. सामान बांधायला लाग.”

त्या दिवशी अनुया शाळेच्या गच्चीवर जाऊन रडली होती, आनंदानं. दोन वर्षं! समुद्राकाठी, अनोळखी माणसांत, जिथं फाटकाशी कुणी उभं नसेल तिथं. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले.

“जा की,” म्हणाले. “मी कुठं अडवलंय?”

आणि खरंच, अडवलं नव्हतंच. नुसती भूक कमी झाली. मग झोप कमी झाली. मग चालताना भिंतीला हात लावायची सवय लागली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, या वयात व्हायचंच थोडंफार. अनुया डॉक्टरांसमोर मान डोलवायची आणि घरी येऊन बाबांच्या पायाला तेल लावायची. त्यांच्यावर रागवावं तर आपणच राक्षसीण ठरू, नाही रागवावं तर छातीवर दगड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मे लागला आणि एका संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा बाबा फोन ठेवत होते. हरदयालला तिनं घरचाच नंबर दिलेला होता आणि त्याची बाबांशी चांगली गट्टी जमली होती. लघाट्यांचे पूर्वज झाशीला आले ते पूजाअर्चेसाठी. बाबांनी जन्मभर रेल्वेत आकडेमोड केली तरी पंचांग त्यांच्या बोटांवर होतं, आणि कुणी ना कुणी तिथी-मुहूर्त विचारायला त्यांना फोन करायचंच.

“हरदयाल होता,” बाबा म्हणाले. “सोलरवाल्यांना जमीन दिली आहे म्हणे त्यानं. काचेचे तक्ते लावणार. झाडाची सावली चालत नाही त्यांना.”

“म्हणजे? झाड तोडणार? कधी?”

“जेठ बदी दशमी ठरली आहे.”

ती धावतच भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. दरसाल पुण्याहून मागवलेलं मराठी कॅलेंडर, आईच्या वेळेपासूनची पद्धत. तिनं मे उलटला, जूनच्या पानावर बोट फिरवलं. ज्येष्ठ वद्य दशमी. “वीस जून! हुश्श! म्हणजे आपला मेचा फोटो निघून जाईल, बाबा. वाचले मी!”

“हं,” बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

बिचाऱ्या झाडाचं वाईट वाटलंच तिला. पण त्याहून मोठी सुटका वाटली. ही स्वार्थी गोष्ट होती आणि ती तिला कळतही होती. झाड जाणारच होतं, पण आधी तिला सोडवून मग जाणार होतं.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे बाबांना चक्कर आली. कॅमेऱ्याची पिशवी तशीच कपाटात गेली. पुढच्या रविवारी छातीत कसंसंच होऊ लागलं, दवाखाना झाला, ईसीजीची पट्टी काढली, तिच्यात काहीही निघालं नाही. अनुयानं मनाची समजूत घातली की अजून वेळ आहे, अजून एक रविवार आहे आणि झाड तर जूनपर्यंत कुठं जात नाही. आणि मग तो शेवटचा रविवार उजाडला. ती पावलं न वाजवता दारापर्यंत आली. खोकला आला नाही. तिनं वळून पाहिलं, तर बाबा सोफ्यावर बसले होते, घरच्याच बंडीत, हातात फुलपात्र.

“तू जा आज,” ते म्हणाले. “मला ऊन सोसायचं नाही.”

“एकटी?”

“जा. सावकाश चालव.”

ती परत आत आली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि जवळजवळ पळतच बाहेर गेली. गाडी कानपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा ती मोठ्यानं गात होती. गळा कसा आहे याची पर्वा करायला शेजारी कुणी नव्हतं! खिडक्या सगळ्या खाली, गरम वारा नाकातोंडात. वाटेत एका टपरीवर ती उगाचच थांबली, उभ्यानं चहा प्यायली. वर्षभरात पहिल्यांदा बाबांनी तिला सोडलं होतं. म्हणजे त्यांनी मनाची तयारी केली, ती विचार करत होती. किती वाईट बोलले मी त्यांच्याबद्दल मनातल्या मनात! पाँडिचेरीला गेले की रोज फोन करीन. दिवाळीला येईन. त्यांना समुद्र दाखवायला नेईन. माणूस सुटायच्या बेतात असला की किती उदार होतो, ते अनुयाला त्या रस्त्यावर बघायला हवं होतं.

एरचकडे वळणारी वाट आली. चढ चढला की झाड दिसायचं, आधी शेंडा, मग घेर.

चढ चढला. काही दिसलं नाही.

तिला वाटलं आपण वाट चुकलो. काळे खडक मात्र जागच्या जागी होते. नदीची रेघ होती. बांधावरचे तीन दगड होते. आणि मधोमध जमिनीलगत कापलेला एक रुंद बुंधा, ताजा, आतून लालसर, भोवती भुसा, आणि थोडी सुकलेली पालवी. पलीकडे लोखंडी खांब रांगेनं उभे राहायला सुरुवातही झाली होती.

ती गाडीतून उतरली आणि नुसती उभी राहिली. हरदयाल डोक्याला गमछा गुंडाळत आला.

“अब आईं बिटिया? मउआ तो कट गओ. तीन दिना हो गए.”

“पर आपने तो जेठ बदी दशमी कहा था!”

“हओ. सो दसमी खोंई तो कटो. बिस्पतवार खों.”

दशमीलाच, गेल्या गुरुवारी! अनुयाला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर ती स्वतःवरच संतापली, कारण ही गोष्ट झाशीतल्या प्रत्येक मराठी पोराला लहानपणापासून ठाऊक असते. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. पौर्णिमा झाली की पुढचे पंधरा दिवस आपला वैशाख असतो आणि इकडच्यांचा जेठ सुरू झालेला असतो. आपण श्रावणातली म्हणतो ती गोकुळाष्टमी यांच्या भादोंमध्ये, म्हणजे भाद्रपदात येते, ती काय उगाच? हरदयालचा जेठ पुण्याच्या कॅलेंडरात शोधायला गेलेली ती एक शहाणी. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

“तुम्ही बाबांना नीट तारीख तरी सांगायची,” ती हिंदीत म्हणाली. खरं तर रडू आवरण्यासाठीच काहीतरी बोलत होती. “तेही आमच्याच हिशेबानं चालतात ना.”

हरदयालनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. “हमने का बताई? महूरत तो बाऊजी नेई निकारो. हमने फोन पे पूछी, बाऊजी, हरो पेड़ काटने है, कौन दिना ठीक रैहे, पाप न लगे. सो उन्नें कई, जेठ बदी दसमी, बाईस तारीख, बिस्पतवार. संजा खों अच्छत-सुपारी धर के पेड़ से छिमा माँग लइयो, जा सोई उनईं ने बताई.”

हरदयालला वाटलं तिला झाडाचं दुःख झालंय, आणि तो भला माणूस पाणी आणायला गेला.

बावीस तारीख. त्यांनी स्वतः काढून दिली, वर झाडाची क्षमा मागायलाही सांगितलं. मेचे उरलेले सगळे दिवस पडले होते, जून पडला होता, आणि त्यातून त्यांनी नेमका शेवटच्या रविवारच्या आधीचा गुरुवार निवडला. ती कॅलेंडरपाशी ‘वाचले मी’ म्हणून ओरडली तेव्हा ते ‘हं’ म्हणाले. खोटं एक अक्षरही बोलले नाहीत. आणि आज सकाळी त्यांनी तिला एकटीला जाऊ दिलं, कारण जायला काही उरलंच नव्हतं.

तिनं कॅमेरा काढला. हात आपोआप चालत होते. तिपाई तीन दगडांवर टेकवली, तीच उंची, तीच लेन्स, आणि डोळा लावला. चौकटीत मोकळं आभाळ, खडक, आणि खाली मधोमध तो लाल बुंधा. आणि ती दचकली, कारण फोटो उत्तम होता. आधीच्या सगळ्यांपेक्षा उत्तम. वर्षभर भरलेल्या जागेवर एकदम काही नाही. बकुळताईंनी हा फोटो बघितला असता तर त्या खुर्चीवरून उठल्या असत्या. नियमही मोडत नव्हता, मे महिनाच होता, झाडही तेच होतं. बोट बटणावर होतं. एक दाब दिला की पाँडिचेरी, समुद्र, दोन वर्षं.

आणि तिला बरं वाटत होतं, झाड गेल्याचं. दुःख होतंच, संताप होताच, पण त्यांच्या खाली, अगदी तळाशी, थंडगार बरं वाटत होतं. आता जावं लागणार नाही. अनोळखी माणसांत आपलं काम मांडून उभं राहावं लागणार नाही, बाबांना फाटकाशी एकटं उभं ठेवून रेल्वेत बसावं लागणार नाही. आता कुणी विचारलं तर सांगता येईल की मी निघाले होते, माझं झाडच तोडलं. जन्मभर पुरेल असं सबळ कारण कुणीतरी तिच्या हातात आणून ठेवलं होतं. तिला स्वतःची किळस आली. तरी बोट बटण न दाबताच मागे आलं.

“ठूँठइ खेंच लो बिटिया,” हरदयाल पाण्याचा लोटा पुढे करत, बुंध्याकडे बोट दाखवत म्हणाला. “निसानी रैहे.”

“नहीं काका,” ती म्हणाली आणि तिपाई मिटली.

परतीच्या रस्त्यावर ती गायली नाही.

घरी पोचली तेव्हा दुपार टळत आली होती. पोळ्या करणाऱ्या कमलाला बाबांनी सुट्टी देऊन टाकली होती आणि स्वतः कुकर लावला होता. आयुष्यात चहापलीकडे न गेलेल्या माणसानं वरण-भात केला होता. ओट्यावर डाळ सांडली होती, ती त्यांनी पुसलेलीही होती.

“आलीस? हातपाय धू. जेवून घेऊ.”

“झाड नाहीये, बाबा.”

“हं.”

“हरदयाल म्हणाला, मुहूर्त तुम्ही काढून दिलात.”

त्यांनी चष्मा काढला. अनुयाला त्या क्षणी मनापासून वाटलं की त्यांनी खोटं बोलावं. विसरलो म्हणावं, वय झालं म्हणावं, हरदयालचं ऐकण्यात काही चुकलं म्हणावं. ती ताबडतोब विश्वास ठेवणार होती.

“हो,” बाबा म्हणाले. “मीच दिला.”

“मी कॅलेंडरपाशी उभी होते. वीस जून म्हटलं. तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“का केलंत असं? सरळ जाऊ नकोस म्हणाला असतात तर!”

“म्हटलं असतं तर तू गेली असतीस.” ते खुर्चीत बसले. आवाज नेहमीसारखाच मवाळ होता, फक्त शब्द एकेक करून येत होते. “तुला वाटत असेल, म्हातारा खाण्यापिण्याचे हाल होतील म्हणून घाबरला. ते नाही गं. कमला आहे. दुखलंखुपलं तर सक्सेना धावतील, तुझ्याआधी धावतील. पण सकाळी उठून मी कुणाला म्हणू, आज अंमळ गार आहे? अमोघची पोरं मला ग्रँडपा म्हणतात. आपल्या मराठी मंडळात उरलेत चार लोक, तेही नमस्कार म्हणतात आणि पुढच्या वाक्याला हिंदीवर येतात. तुझी आई गेली तेव्हा अर्धी बोली गेली घरातली. उरलेली अर्धी तुझ्या तोंडात आहे, अनू. तू गेलीस म्हणजे मी बोलेन सगळ्यांशी, हिंदी काय, जन्म गेला हिंदीत. पण उद्या अंथरुणाला खिळलो, भ्रमात काही बडबडलो, तर ते कळणारं माणूस नको का जवळ? मला भीती वाटते. लाज वाटते सांगायला, पण भीती वाटते.”

अनुया ऐकत होती. सगळ्यात वाईट हे होतं की तिला ते समजत होतं. एकेक शब्द समजत होता. धड रागावताही येऊ नये अशी ही शिक्षा. आणि रागावणार तरी कुठल्या तोंडानं? महिना संपायला अजून दिवस होते. उद्या परत जाऊन त्या बुंध्याचा फोटो काढता आला असता, आणि आपण जाणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दार बाबांनी ओढून घेतलं होतं हे खरं, पण आतली कडी तिनं स्वतःच्या हातानं घातली होती. ते त्यांना कळणार नव्हतं. ती सांगणारही नव्हती. तिला फक्त कुणावर तरी सूड उगवायचा होता, आणि समोर एकच माणूस होता.

“बोल ना काहीतरी,” बाबा म्हणाले. “रागाव. चार शब्द बोल मला.”

ती ओट्याशी गेली, कुकरचं झाकण काढलं. आणि जन्मल्यापासून कधी केलं नव्हतं ते तिच्याकडून झालं. आधी ठरवून नव्हे, पण तोंडून निघाल्यावर तिनं ते मागेही घेतलं नाही.

“खाना लगा दूँ, बाबूजी?”

बाबांना आधी ती थट्टा वाटली. ते अर्धवट हसलेसुद्धा. “अनू?”

“दाल ठंडी हो रही है.”

“अनू, अगं...”

तिनं फळीवरून दोन ताटं काढली, पुसली, मांडली. बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती वळेल, काही म्हणेल, निदान रडेल म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. ती भात वाढत होती. दोन्ही ताटांत वाढून झाला, वरण झालं, मीठ झालं, आणि ती त्यांच्या समोर येऊन बसली, रोजच्या जागेवर, यापुढे रोज बसणार होती तिथंच.

“अचार दूँ?” तिनं विचारलं.

बाबांनी चष्मा घातला. ताट जवळ ओढलं.

“हाँ,” ते म्हणाले. “दे दो, बेटा.”